क्वांटम त्रुटीसुधार

क्वांटम संगणकातील माहिती न वाचता तिच्यात शिरलेल्या चुका ओळखणे आणि दुरुस्त करणे, या पद्धतींना क्वांटम त्रुटीसुधार म्हणतात. क्वांटम माहिती सिद्धांताची ही शाखा १९९५ साली उभी राहिली. तोवर असा संगणक कागदावरच राहील असे अनेक भौतिकशास्त्रज्ञांना वाटे, आणि त्यांची शंका रास्त होती.

साध्या संगणकात उपाय सरळ आहे: एक बिट तीनदा लिहा, बहुमत घ्या. क्यूबिटपाशी, म्हणजे एकाच वेळी ० आणि १ या दोन्हींच्या मिश्रणात राहू शकणाऱ्या क्वांटम बिटपाशी, हा उपाय तीनदा अडतो. अज्ञात क्वांटम अवस्थेची नक्कल काढता येत नाही, हे वूटर्स व झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी १९८२ मध्ये दाखवले. क्यूबिट मोजला की ० आणि १ यांचे हे मिश्रण, म्हणजे अध्यारोपण, मोडते. शिवाय चूक म्हणजे केवळ ० चा १ होणे नव्हे. अवस्था किंचित ढळली तरी ती चूकच, आणि असे ढळण्याचे प्रकार अनंत.

पीटर शोर यांनी १९९५ मध्ये यावर तोड काढली. नक्कल न काढता त्यांनी एका क्यूबिटची माहिती नऊ क्यूबिटांच्या गुंफणीत पसरवली. यातली युक्ती तीन क्यूबिटांवरही कळते. ‘तू ० की १?’ असे कोणालाच विचारायचे नाही. पहिला आणि दुसरा सारखे आहेत का, दुसरा आणि तिसरा सारखे आहेत का, एवढेच विचारायचे. या दोन उत्तरांवरून कोणता उलटला ते समजते, पण आत ० होता की १ याचा पत्ता लागत नाही, म्हणून अध्यारोपण शाबूत राहते. या उत्तरांना ‘सिंड्रोम’ म्हणतात. वैद्यकातून आलेला हा शब्द इथे चपखल बसतो. खरी गंमत पुढे आहे: क्यूबिट थोडासाच ढळला असेल, तर हे मापनच त्याला एका बाजूला ढकलते. एकतर तो पूर्ण उलटतो, नाहीतर होता तसा होतो. अनंत प्रकारच्या चुका अशा मोजक्या चुकांवर येतात. कलेतील म्हणजे फेजमधील (० आणि १ यांच्या मिश्रणातील परस्परसंबंधाच्या) चुकांसाठी हाच डाव दुसऱ्या थरावर खेळावा लागतो, म्हणून तीन गुणिले तीन, नऊ. १९९६ मध्ये अँड्र्यू स्टीन यांनी सात क्यूबिटांत काम भागवले. त्याच वर्षी पाच क्यूबिटांचा संकेतही (माहिती अशी पसरवण्याची रीत) सापडला. त्याहून कमी क्यूबिटांत एका क्यूबिटवरची कोणतीही चूक सुधारता येत नाही.

दुरुस्ती करणारी यंत्रणाही चुकतेच. मात्र मूळ चुकांचे प्रमाण एका उंबरठ्याखाली असेल, तर क्यूबिट वाढवत एकूण चूक हवी तितकी घटवता येते. किटाएव यांच्या कल्पनेतून आलेल्या पृष्ठ-संकेतात प्रत्येक क्यूबिटचा संबंध फक्त शेजाऱ्यांशी येतो आणि उंबरठा सुमारे १ टक्का आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने ‘विलो’ चिपवर माहितीच्या क्यूबिटांची जाळी ३×३ वरून ५×५ आणि मग ७×७ केली. प्रत्येक पायरीला चूक निम्म्याहून खाली आली. सर्वांत मोठ्या जाळीत एका तार्किक, म्हणजे चुकांपासून जपलेल्या, क्यूबिटसाठी चिपवरचे १०१ भौतिक क्यूबिट खर्ची पडले.

हा खर्चच आज संशोधनाचा मोठा विषय आहे. इंटरनेटवरील माहिती गुप्त ठेवणाऱ्या आरएसए पद्धतीची २०४८ बिटांची किल्ली फोडण्यासाठी २०१९ च्या अंदाजाने २ कोटी क्यूबिट लागणार होते. २०२५ मध्ये क्रेग गिडनी यांनी तो आकडा १० लाखांखाली आणला. भारतात कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, डीआरडीओची पुण्यातील प्रयोगशाळा आणि टीसीएस यांनी २०२४ मध्ये ६ क्यूबिटांच्या अतिवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. नुसती मोजदाद केली, तर पाच क्यूबिटांचा संकेत आणि तपासणीचा एक क्यूबिट एवढे त्यात जेमतेम मावते.