लोखंड तेच, तारा वेगळ्या

शेव्हरलेटचं स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिन 1955 साली आलं आणि पुढची चार दशकं त्याचा मूळ आराखडा फारसा हलला नाही. 1965 च्या गाडीत 1975 चं इंजिन बसवायचं असेल तर वायरिंगचं काम चहा गार होण्याआधी उरकायचं. कॉइलला एक तार, स्टार्टरच्या दोन, अल्टरनेटरच्या दोन-तीन, तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान दाखवणाऱ्या काट्यांना एकेक. कार्ब्युरेटरला गाडी कुठल्या सालची आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

हे चित्र बदललं ते धुरामुळे. अमेरिकेत 1970 चा स्वच्छ हवा कायदा आला आणि 1975 च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी घटक निकामी करणारे डबे, बसले. पुढे तीन प्रकारचे विषारी घटक एकदम निकालात काढणारा कन्व्हर्टर आला. तो नीट चालायला एक भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा हे प्रमाण सतत सांभाळावं लागतं, आणि ते कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचं होतं. व्होल्व्होने कॅलिफोर्नियासाठी 1977 च्या मॉडेलमध्ये ऑक्सिजन सेन्सर दिला. धुराचा वास घेऊन उलट निरोप पाठवणारा हा पहिला भाग. निरोप आला म्हणजे तो ऐकणारं कोणी हवं, तसा कॉम्प्युटर आला. कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारं बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन 1967 पासूनच फोक्सवॅगन 1600 मध्ये होतं, पण ते अॅनालॉग होतं आणि इग्निशनशी त्याची ओळख नव्हती. 1979 मध्ये बीएमडब्ल्यू 732आय मध्ये आलेल्या मोट्रॉनिकने पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एका डिजिटल पेटीच्या हाती दिलं. 1981 पर्यंत जनरल मोटर्सच्या अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या पेट्रोल गाड्यांत कॉम्प्युटर होता.

माझ्या मते इंजिनांच्या अदलाबदलीचा खरा इतिहास इथून सुरू होतो. इंजिनाचं लोखंड तेच राहिलं. सेन्सर, वायरिंग, कॉम्प्युटर आणि त्यातला प्रोग्रॅम यांची मात्र चौकडी बनली, आणि त्यातला एक बदलला की उरलेले तिघे रुसतात.

ही चौकडी कंपन्या दर दोन-चार वर्षांनी नव्याने मांडत होत्या. फोर्डच्या मस्टँगचं 5 लिटरचं इंजिन घ्या. 1986 ते 1988 मध्ये त्याचा कॉम्प्युटर इनटेकमधला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीतला, दाब मोजून हवेचा अंदाज बांधायचा. कोणी जास्त ताकदीसाठी जोरकस कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकली की मंद चालीवर त्या नळीतला व्हॅक्यूम घटायचा, कॉम्प्युटरला वाटायचं इंजिनावर भार आलाय, आणि तो पेट्रोल ओतत सुटायचा. कॅलिफोर्नियात 1988 ला आणि इतरत्र 1989 ला फोर्डने आत जाणारी हवा थेट मोजणारा मास एअर सेन्सर दिला. मग 1986-88 वाल्यांनी भंगारातल्या गाड्यांमधून नंतरचे कॉम्प्युटर शोधायला सुरुवात केली. मॅन्युअल गिअरच्या गाडीतला, ए9एल असं लिहिलेला डबा सगळ्यात जास्त मागणीचा. गंमत म्हणजे त्याच सुमारास जनरल मोटर्स बरोबर उलट्या दिशेला चालली होती. कमॅरोत 1989 पर्यंत हवा मोजायचा सेन्सर होता, 1990 ला तो काढून दाबाचा आला, आणि 1994 ला पुन्हा हवेचा. दोघांपैकी चूक कोणाचीच नव्हती. सुटे भाग जमवणाऱ्याला मात्र सालाचा आकडा पाठ करावा लागला.

मस्टँगचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. दोन्ही सालच्या कॉम्प्युटरला 60 पिनांचा एकच मोठा कनेक्टर, मधोमध 10 चा बोल्ट. नवा डबा जुन्या कनेक्टरला बिनतक्रार बसतो, आणि फसगत होते ती इथेच. नव्या सेन्सरसाठी चार तारा लागतात: करंट, अर्थ, सिग्नल आणि सिग्नलची परतीची तार. शेवटच्या दोन थेट कॉम्प्युटरपर्यंत न्याव्या लागतात. कनेक्टरच्या रिकाम्या घरात टर्मिनल सरकवायचं, ‘टक्’ असा आवाज आला की हलकेच मागे ओढून पाहायचं. ते निसटून आलं तर बसलंच नव्हतं. जुनी पिन काढताना बारीक सुईने आतली जीभ दाबावी लागते. जोर जास्त लागला की जीभ तुटते, आणि ती पिन पुढे आयुष्यभर खड्ड्यात गाडी आदळली की दगा देते.

कनेक्टर जुळला म्हणून वीज जुळतेच असंही नाही. पेट्रोल फवारणारे काही इंजेक्टर 2-3 ओहमचे, काही 12-16 ओहमचे. जास्त ओहमसाठी बनवलेल्या कॉम्प्युटरला कमी ओहमचे इंजेक्टर जोडले की त्यातून नको इतका करंट जातो आणि कॉम्प्युटरमधला, इंजेक्टर चालवणारा ड्रायव्हर सर्किट जळतो.

होंडावाल्यांनी तर कालगणनाच वेगळी केली: ओबीडी-0, ओबीडी-1, ओबीडी-2. ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतःच ओळखायची व्यवस्था. 1996 नंतरच्या सिव्हिकमध्ये मधला जम्पर हार्नेस (दोन वेगळे कनेक्टर जोडणारा तारांचा जुडगा) लावून 1992-95 चा पी28 कॉम्प्युटर चालवायचा, हा त्यांचा आवडता उद्योग. कारण साधं होतं: जुन्या डब्यात चिपचा सॉकेट बसवून प्रोग्रॅम बदलता यायचा.

1996 च्या मॉडेलपासून अमेरिकेत ओबीडी-2 सक्तीचं झालं. कन्व्हर्टरमधून धूर बाहेर पडतो तिथे दुसरा ऑक्सिजन सेन्सर आला, मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) पकडणं आलं, पेट्रोलच्या टाकीतल्या वाफांवरही पाळत आली. इंजिनाचं वायरिंग असं सरपटत टाकीपर्यंत पोचलं. त्यात कॅलिफोर्नियाचा नियम असा, की बदलून टाकलेलं इंजिन गाडीच्या सालचं किंवा त्यानंतरचंच हवं आणि त्याची धूर रोखणारी सगळी साधनंही सोबत हवीत. म्हणजे जुन्या गाडीत नवं इंजिन चालतं, पण नव्या गाडीत जुनं नाही. अदलाबदलीची दिशा कायद्यानेच ठरवून दिली.

दरम्यान चोरांचाही बंदोबस्त होत होता. 1986 च्या कॉर्व्हेटच्या किल्लीत एक रेझिस्टर होता, तो जुळला नाही तर गाडी सुरू होत नसे. 1990 च्या दशकात युरोपात किल्लीत चिप आली. आता कॉम्प्युटर आणायचा तर त्याची किल्ली, रिसीव्हर आणि इमोबिलायझरचा (ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारा) डबा असा सगळा संसारच आणावा लागतो. गाडीतल्या कॉम्प्युटरांना एकमेकांशी जोडणारं, बॉशने 1986 मध्ये मांडलेलं कॅन बसचं जाळं पसरत गेलं, तसे मीटर, ब्रेक आणि गिअरबॉक्सही इंजिनाच्या कॉम्प्युटरशी बोलू लागले. त्यातला एक गप्प बसला की बाकीचे दिवे पेटवून बोंब मारतात.

जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांचा किस्सा सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. 1997 च्या कॉर्व्हेटमध्ये आलेल्या पहिल्या एलएस1 च्या क्रँकशाफ्टवर 24 खुणांचं चक्र होतं; इंजिन कुठे फिरतंय हे कॉम्प्युटरला त्यावरून कळतं. 2006 च्या सुमारास 58 दातांचं आलं, आणि कॅमचा सेन्सरही इंजिनाच्या मागच्या बाजूचा पुढे गेला. बाहेरून ब्लॉक जवळपास तसाच दिसतो. जुना कॉम्प्युटर नव्या इंजिनाला जोडला तर स्टार्टर फिरतो, पण ठिणगी पडत नाही. चक्र क्रँकवर घट्ट ठोकलेलं असल्यामुळे ते बदलायला अख्खं इंजिन खोलावं लागतं. म्हणून बहुतेक जण सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये एक छोटा डबा बसवतात. तो 58 दात मोजतो आणि पुढे 24 खुणा सांगतो.