‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?’ : आमच्याकडे मॉक इंटरव्ह्यूला येण्याआधी हे नक्की वाचा

नमस्कार. तुम्ही आमच्याकडे मॉक इंटरव्ह्यूसाठी नाव नोंदवलंय म्हणून हा कागद तुमच्या हातात आलाय. नाशिकमध्ये आमचं छोटंसं काम आहे, आम्ही तिघंच आहोत, त्यातल्या दोघांनी सातपूर आणि अंबडच्या कंपन्यांत एचआर आणि प्रॉडक्शनमध्ये बरीच वर्षं काढलीत, म्हणजे हा प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसून आम्ही खूप पोरापोरींची उत्तरं ऐकलीत. बाकीच्या प्रश्नांची तयारी सेशनमध्ये होऊन जाते. पण हा एक प्रश्न असा आहे की त्यावर चांगले हुशार, डिस्टिंक्शनवाले सुद्धा अडकतात आणि त्याची तयारी एका तासात होत नाही, घरी बसून थोडा विचार करून यावं लागतं. म्हणून हे वेगळं लिहिलंय.

प्रश्न प्रत्येक ठिकाणी सारखा येत नाही. आयटीवाले लाँग टर्म गोल काय म्हणून विचारतात, बँकेच्या पॅनेलवर ‘इंजिनिअरिंग करून बँकेत का, पुढे काय करणार’ असं येतं, हॉस्पिटलमध्ये मेट्रन विचारतात ‘बाहेर जायचा विचार आहे का’, आणि शॉप फ्लोअरवरून वर आलेला एखादा जुना मॅनेजर असेल तर तो सरळ म्हणतो, ‘टिकणार का रे?’ हा शेवटचा जो आहे ना, तोच खरा प्रश्न आहे, बाकीचे सगळे त्याचेच सुधारलेले अवतार.

त्याला असं का विचारावंसं वाटतं ते समजून घ्या म्हणजे अर्धी भीती जाईल. नवीन ट्रेनी आला की पहिले काही महिने त्याच्या हातून फारसं काम होत नाही, उलट एक सीनियर माणूस स्वतःचं काम बाजूला ठेवून त्याला शिकवत असतो, ड्रॉइंग कसं वाचायचं, रिपोर्ट कसा भरायचा, कोणाला मेल टाकायचा इथपासून. आणि आठ-नऊ महिन्यांनी तो ट्रेनी एक्स्पिरियन्स लेटर घेऊन निघून गेला की तो सीनियर परत पहिल्यापासून दुसऱ्याला शिकवायला बसतो. हे ज्याने दोन-तीनदा भोगलंय तो माणूस तुमच्यासमोर बसलेला असतो. त्याला तुमचं स्वप्न ऐकायचंय, नाही असं नाही, पण त्याला मुख्य म्हणजे हे बघायचं असतं की तुमचा रस्ता त्याच्या डिपार्टमेंटमधून जातो का, की तुम्ही दुसरं काही मिळेपर्यंत इथे थांबलाय.

आता नेहमीचं पाठ उत्तर बघू. ‘आय वॉन्ट टू सी मायसेल्फ ॲट अ रिस्पेक्टेबल पोझिशन इन युवर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन.’ हे वाक्य आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या तोंडी असतं, कॉलेजच्या नोट्समधून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. त्यात चूक काही नाही. पण ते ऐकून समोरच्याला तुमच्याबद्दल एकही नवीन गोष्ट कळत नाही आणि तुमच्या आधीच्या चार जणांनीही तेच म्हटलेलं असतं. तो मान हलवतो, कागदावर काही लिहीत नाही, पुढचा प्रश्न विचारतो. एक चांगली संधी अशीच जाते.

आमचं म्हणणं एकच आहे: आधी काम सांगा, मग पद. पाच वर्षांनी तुमच्या हातात कुठलं काम असेल, आत्ता जे काम तुम्हाला एकट्याने जमत नाही ते तेव्हा जमत असेल, आणि तिथपर्यंत जायला मधे काय काय शिकावं लागेल. हे सांगता आलं की पद आपोआप त्यात येतं.

एक उदाहरण सांगतो, नाव सांगत नाही. सिन्नरकडचा एक मुलगा, मेकॅनिकल डिप्लोमा, एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला इंटरव्ह्यू होता. मॉकमध्ये म्हणाला, ‘सर, पाच वर्षांनी मला क्वालिटी मॅनेजर व्हायचंय.’ आम्ही विचारलं, क्वालिटी मॅनेजर सकाळी आल्यावर काय करतो? गप्प. मग म्हटलं ते राहू दे, तू इनप्लांट ट्रेनिंगला काय केलंस ते सांग. तर त्याने हळूहळू सांगायला सुरुवात केली की एकदा बोअरचा (पार्टमधल्या गोल भोकाचा) साईज सारखा बाहेर जात होता, जवळजवळ दोनशे पीस बाजूला काढून ठेवले होते, ऑपरेटर म्हणतोय मशीन बरोबर आहे, सुपरवायझर म्हणतोय नाही, आणि याने सहज बोअर गेज उलटं करून बघितलं तर कॅलिब्रेशनच्या (गेज बरोबर मोजतं का याच्या तपासणीच्या) स्टिकरवरची ड्यू डेट उलटून गेलेली. दुसऱ्या गेजने मोजल्यावर बरेचसे पीस ओके निघाले. हे सांगताना त्याचा आवाजच बदलला, हात हलायला लागले. आम्ही म्हटलं अरे हेच तुझं उत्तर आहे, इथूनच सुरू कर.

मग तासभर बसून जे उत्तर तयार झालं ते साधारण असं होतं: ‘ट्रेनिंगमध्ये एका गेजमुळे दोनशे पीस अडकलेले मी बघितले, तेव्हापासून मला मोजमापाच्या कामात रस आहे. पहिली दोन वर्षं मला लाईन इन्स्पेक्शन आणि कॅलिब्रेशन पक्कं करायचंय, त्यातच सीएमएम (पार्ट अचूक मोजायचं मशीन) चालवायला शिकायचंय. मग आयएटीएफ १६९४९ चं इंटर्नल ऑडिटरचं ट्रेनिंग घ्यायचंय. पाच वर्षांनी तुमच्याकडे कस्टमर ऑडिट आलं की पार्ट आणि त्याचे पेपर दोन्ही घेऊन जो माणूस समोर उभा राहतो, ते काम माझ्याकडे असावं असं वाटतं.’ बघा, यात मॅनेजर हा शब्द कुठेच नाही. पण ऐकणाऱ्याला कळतं की हा मुलगा कुठे जाणार आहे, आणि आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाला पार्ट देणाऱ्यांसाठीचं क्वालिटी स्टँडर्ड आहे म्हणजे याने कंपनी काय बनवते ते बघून आलाय हेही कळतं.

दुसरं एक. अकाउंट्सला जाणारी मुलगी, बीकॉम, टॅली येतं, सीएच्या ऑफिसमध्ये इंटरव्ह्यू. तिला सीए व्हायचं नव्हतं आणि ते सांगायची तिला लाज वाटत होती, जणू काही सीए नाही म्हणजे गोलच नाही. असं अजिबात नाही. तिने शेवटी सांगितलं की आत्ता मला एन्ट्री आणि बँक रिकन्सिलिएशन (आपली वही आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवणं) जमतं, महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा जीएसटी रिटर्न) आणि २० तारखेला ३बी (कर भरायचा जीएसटी रिटर्न) जातो त्या दिवसांत सीनियरच्या शेजारी बसून शिकायचंय, दोन वर्षांत चार-पाच क्लायंटचा जीएसटी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने सांभाळायचाय आणि पाच वर्षांत बॅलन्सशीट फायनल करण्यापर्यंतचं काम हातात घ्यायचंय. सीएच्या ऑफिसला अशीच माणसं हवी असतात, कारण आर्टिकलशिपची (सीएच्या शिक्षणातल्या ट्रेनिंगची) मुलं तर मुदत संपली की जाणारच असतात. तुमचं ध्येय लहान वाटतं म्हणून ते फुगवून सांगू नका, ज्याच्याकडे ते काम पडलेलं आहे त्याला ते लहान वाटत नाही.

ही माहिती आणायची कुठून, तर पहिलं म्हणजे जाहिरात किंवा जेडी (जॉब डिस्क्रिप्शन, म्हणजे कामाचं वर्णन) नीट वाचा, दोनदा वाचा. दुसरं, तुमच्यापेक्षा तीन-चार वर्षं पुढे असलेला कॉलेजचा कोणी दादा-ताई शोधा आणि त्यांना ‘करिअरबद्दल गाईड करा’ असं मोघम विचारू नका, ‘तू सकाळी गेल्यावर पहिलं काय करतोस, आणि आत्ता जे करतोस ते पहिल्या वर्षी का जमत नव्हतं’ असं विचारा. लोक मनापासून सांगतात. दहा मिनिटांच्या फोनमध्ये जे मिळतं ते रेडिमेड उत्तरांच्या व्हिडिओत मिळत नाही.

आता अवघड जागा. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे मधले दोन-तीन वर्षं एमपीएससीत गेलेले असतात. रेझ्युमेवर गॅप दिसतो आणि समोरचा विचारतोच, ‘अजून अभ्यास चालू आहे का?’ त्याचीही बाजू बघा, त्याला माहीत असतं की राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३ आहे, म्हणजे २६ वर्षांच्या तुमच्याकडे अजून कितीतरी अटेम्प्ट आहेत, जाहिरात आली की हा सुट्टी मागणार. इथे आमचा सल्ला ठाम आहे: खोटं बोलू नका. थांबवलं असेल तर तारखेसकट सांगा, ‘गेल्या जूनमध्ये घरी बसून ठरवलं, पुस्तकं धाकट्या चुलतभावाला देऊन टाकली’, एवढं एक वाक्य दहा आश्वासनांपेक्षा जास्त पटतं. आणि त्या वर्षांतून काय मिळालं तेही सांगा, रोज दहा तास बसायची सवय, पेपर वाचून मुद्दे काढणं, ही काही कमी गोष्ट नाही. पण खरंच चालू असेल तर? तर आधी स्वतःशी ठरवा. एखादी परीक्षा उरली असेल तर तेवढी सांगून टाका, त्यानंतर पूर्णवेळ इकडेच असं म्हणा, आणि खरंच तसं करा. काही ठिकाणी नकार येईल. लपवून मिळालेल्या नोकरीत रोज घाबरून बसण्यापेक्षा तो बरा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

मुलींना वेगळाच त्रास होतो. ‘पाच वर्षांनी कुठे’ या प्रश्नाच्या पोटात ‘लग्न कधी, मग सासर कुठलं, मग नोकरी सोडणार का’ हे असतं आणि काही जण तर उघडच विचारतात. हे विचारणं चुकीचं आहे, आम्ही खुर्चीत होतो तेव्हाही चुकीचंच होतं. पण त्या क्षणी भांडण काढून उपयोग होत नाही आणि गप्प बसूनही मनाला लागून राहतं. म्हणून आम्ही सेशनमध्ये याची प्रॅक्टिस मुद्दाम करून घेतो. शांतपणे, चेहरा न पाडता: ‘माझा पुढचा प्लॅन कामाचा आहे, तो सांगते’, आणि लगेच कामावर यायचं. एक जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली सिस्टर होती, तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘मला आयसीयूत स्थिर व्हायचंय, व्हेंटिलेटरवरचा पेशंट एकटीने सांभाळता आला पाहिजे, नंतर नवीन मुलींना शिकवायचंय.’ विषय तिथेच संपला. आणि हे माहीत असू द्या की मातृत्व रजेचा कायदा २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा देतो, त्यात उपकार कोणाचे नाहीत. त्यामुळे लग्नाचा विचार असेल तर मनात अपराधी वाटून घेऊन इंटरव्ह्यूला जाऊ नका.

बँकेवाल्यांसाठी थोडं. क्लार्कला इंटरव्ह्यूच नसतो, पीओला (प्रोबेशनरी ऑफिसरला) असतो, आयबीपीएसचा (सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा) १०० मार्कांचा, आणि फायनल मेरिटमध्ये मेन्स ८० आणि इंटरव्ह्यू २० असं वजन धरतात, म्हणजे थोड्याशा मार्कांनी सुद्धा बँक बदलू शकते. तिथे ‘जनरल मॅनेजर व्हायचंय’ म्हणू नका. दिंडोरीचा एक द्राक्षवाल्यांच्या घरातला मुलगा होता, त्याला आम्ही विचारलं बँकेशी तुझा पहिला संबंध कधी आला, तर म्हणाला ऑक्टोबर छाटणीच्या आधी वडिलांबरोबर किसान क्रेडिट कार्डाच्या रिन्युअलला ब्रँचमध्ये जायचो, सातबारा, आठ-अ, सगळी फाईल मीच लावायचो. मग त्याचं उत्तर तिथूनच आलं, की त्याला शेतीकर्जाचं काम शिकायचंय, प्रोबेशन झालं की जेएआयआयबी द्यायची, मग सीएआयआयबी (या दोन्ही बँकेत काम करणाऱ्यांसाठीच्या परीक्षा), आणि पाच वर्षांत ग्रामीण ब्रँच सांभाळता यावी, ती महाराष्ट्रात असो की नसो. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे कारण पोस्टिंग भारतात कुठेही मिळू शकतं आणि पॅनेलला तेच तपासायचं असतं.

पुढचं शिक्षण करायचं असेल तर लपवू नका, फक्त नोकरी सांभाळून कसं करणार ते सांगा. आपल्या नाशिकचंच मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना शिकवतंय, तिथून पदवी किंवा एमबीए करायचा विचार असेल तर त्याला कंपनीची हरकत सहसा नसते. स्वतःचा धंदा टाकायचा असेल तर मात्र तो पहिल्या इंटरव्ह्यूत सांगायची गरज नाही, दहा वर्षांनंतरची गोष्ट आहे ती आणि विचारलंय पाच वर्षांचं. पगाराचा आकडा या उत्तरात आणू नका, त्याला वेगळा प्रश्न असतो.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. आधी उत्तर मराठीत तयार करा, जसं घरी बोलता तसं, मग आम्ही ते तुमच्याबरोबर साध्या इंग्रजीत बसवतो. एका मिनिटाच्या आत संपलं पाहिजे. पाठ करू नका, फक्त तीन गोष्टी डोक्यात ठेवा, सुरुवातीचा प्रसंग, मधलं शिकणं, शेवटचं काम, वाक्यं दर वेळी वेगळी आली तरी चालतात. ‘आणि नाही झालं तर?’ असा उलटा प्रश्न आला तर घाबरू नका, सहा-सात वर्षं लागतील असं म्हणालात तरी काही बिघडत नाही.

सेशनला येताना एवढं करा: रेझ्युमेची एक प्रिंट, ज्या नोकरीला जाताय तिची जाहिरात किंवा जेडी, आणि एका कागदावर हाताने लिहिलेला तुमचा एक प्रसंग, कॉलेजचा, ट्रेनिंगचा, घरच्या कामाचा, कुठलाही, जिथे काम करताना वेळेचं भान राहिलं नव्हतं. शुद्धलेखन आम्ही बघत नाही. पहिल्या सेशननंतर उत्तर जमलं नाही तर याच प्रश्नासाठी परत अर्धा तास या, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. आणि फोन चार्ज करून आणा, तुमचं रेकॉर्डिंग तुमच्याच फोनवर करतो, आमच्याकडे कॉपी ठेवत नाही.