अन्न-पाण्यातून पसरणारे विषाणू

रुग्णाच्या विष्ठेतून किंवा उलटीतून बाहेर पडणारे आणि अन्न, पाणी वा हातांवाटे दुसऱ्याच्या तोंडात जाणारे विषाणू. नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, आणि यकृताला सूज आणून कावीळ करणारे हिपॅटायटिस ए व हिपॅटायटिस ई हे यांतले प्रमुख. पोलिओचा विषाणू, ॲस्ट्रोव्हायरस आणि ४० व ४१ या प्रकारांचे ॲडिनोव्हायरस यांचाही मार्ग हाच.

विषाणू अन्नात वाढत नाहीत, ही गोष्ट आधी नीट समजून घ्यायला हवी. जीवाणू उबदार अन्नात दुपटीने वाढत जातात. विषाणूला मात्र वाढायला जिवंत पेशी लागते. त्यामुळे विषाणू असलेले अन्न आंबत नाही, त्याला वास येत नाही, चवही बदलत नाही. ते फ्रिजमध्ये ठेवून काहीच साधत नाही, उलट थंडीत विषाणू जास्त टिकतो. २०१२ साली जर्मनीत गोठवलेल्या स्ट्रॉबेरींतून नोरोव्हायरस पसरला आणि सुमारे ११,००० जण आजारी पडले, त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती. शिवाय वाढण्याची गरजही नसते, कारण नोरोव्हायरसचे दहा ते शंभर कण बाधेला पुरतात आणि रुग्णाच्या एक ग्रॅम विष्ठेत ते अब्जावधी असू शकतात.

विष्ठेतून बाहेर पडताना या विषाणूंवर स्निग्ध आवरण नसते. साबण किंवा अल्कोहोलने फुटावे असे वरचे कवचच नसल्याने नोरोव्हायरस आणि हिपॅटायटिस ए यांच्यापुढे सॅनिटायझर तोकडा पडतो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली किमान २० सेकंद हात चोळले की कण धुऊन जातात, आणि खरा उपयोग या धुऊन जाण्याचाच असतो.

नोरोव्हायरसची लक्षणे १२ ते ४८ तासांत दिसतात आणि एक ते तीन दिवसांत ओसरतात. हिपॅटायटिस ए ला सरासरी २८ दिवस लागतात. डोळे पिवळे होण्याआधीच्या एक-दोन आठवड्यांत विष्ठेतून सर्वाधिक विषाणू बाहेर पडतात, म्हणजे स्वयंपाक करणारा माणूस स्वतःला ठणठणीत समजत असतानाच आजार पसरवत असतो. उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास अन्नाला हात लावू नये हा नियम म्हणूनच कडक पाळावा. नोरोव्हायरस त्यानंतरही दोन आठवडे किंवा जास्त काळ विष्ठेतून जात राहतो.

कालवे आणि शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे सांडपाण्यातले विषाणू त्यांच्या पोटात साठतात. स्वच्छ पाण्यात ठेवल्यावर त्यांच्यातले जीवाणू बऱ्यापैकी निघून जातात, नोरोव्हायरस मात्र आतड्याला चिकटून राहतो. १९८८ साली शांघायमध्ये अर्धवट शिजवलेल्या शिंपल्यांतून सुमारे तीन लाख लोकांना हिपॅटायटिस ए झाला. कवच उघडले म्हणजे शिंपला शिजला असे नाही. आतला भाग ९० अंश सेल्सिअसवर ९० सेकंद राहिला पाहिजे.

पाण्याच्या बाबतीत १९५५-५६ चा दिल्लीतला उद्रेक आजही अभ्यासावा असा आहे. यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागी सांडपाणी मिसळले. क्लोरीन वाढवल्याने जीवाणूजन्य आजार आटोक्यात राहिले, पण सुमारे २९,३०० जणांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई ची होती, हे पुढे कळले. चाचणीत ई. कोलाय हा विष्ठेतला जीवाणू सापडला नाही म्हणून पाणी विषाणुमुक्त मानता येत नाही, ते यामुळेच. गढूळ पाण्यात विषाणू मातीच्या कणांआड लपतो आणि क्लोरीन त्या मातीवरच खर्ची पडतो. म्हणून पाणी आधी निवळून गाळावे. मग क्लोरीन घालून किमान ३० मिनिटांनी लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मुक्त, म्हणजे खर्ची न पडलेला, क्लोरीन शिल्लक आहे का ते तपासावे. ०.२ मायक्रॉनच्या, म्हणजे २०० नॅनोमीटरच्या, फिल्टरमधून ३० नॅनोमीटरचा विषाणू सहज पार होतो. घरच्या घरी सर्वांत खात्रीचा उपाय उकळण्याचा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट, २,००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटे.

कोणी उलटी केली तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, कण हवेत उडतात. हातमोजे घालून कागदाने टिपून घ्यावे, तो कागद पिशवीत बांधावा, जागा साबणाच्या पाण्याने पुसावी आणि मगच ब्लीच लावावे. घाण राहिली तर ब्लीचचा जोर तिच्यातच संपतो. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट (हेच ते ब्लीच) लिटरभर पाण्यात २० मिलिलिटर घातले की सुमारे १,००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) होते, १०० मिलिलिटरला ५,००० च्या आसपास. जागा किमान पाच मिनिटे ओली राहू द्यावी. द्रावण रोज ताजे करावे आणि ॲसिडच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

रोटाव्हायरस, पोलिओ आणि हिपॅटायटिस ए यांवर लसी आहेत. अँटिबायोटिक यांतल्या कशावरही चालत नाही. जुलाब-उलट्यांत जीव जातो तो शरीरातले पाणी संपल्याने, म्हणून ओआरएस घोट घोट पाजत राहावे. लहान मूल सुस्तावले किंवा त्याची लघवी थांबली तर लगेच डॉक्टरकडे न्यावे. गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही घरी थांबू नये. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झालेल्या बायकांपैकी २० ते २५ टक्के दगावू शकतात.