ओठावर जर उठला, भीती मेंदूची : पार्श्वभूमी

मागच्या हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, ओळखीच्या एका मावशींनी ओसरीवर बसवून मला मोबाईल दाखवला. कॉलेजात जाणाऱ्या त्यांच्या पोराला ताप येऊन गेला आणि ओठाच्या कोपऱ्यावर जर, म्हणजे पाण्याच्या पुळ्या, उठला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'हर्पीस' लिहिलेलं. पोरानं तो शब्द शोधला, तर चौथ्या-पाचव्या ओळीतच मेंदूला सूज, झटके, मृत्यू असं निघालं. दोन रात्री मायलेकांना झोप नव्हती. "हे मेंदूत जाते म्हन्ते, भाऊ," मावशी म्हणाल्या. आत बाजेवर त्यांची लेक, तेरा दिवसांची बाळंतीण.

ही भीती कुठून आली ते समजायचं तर विषाणूचा इतिहास आणि आपल्या भागाचा इतिहास, दोन्ही सोबत पाहावे लागतात.

आधी शब्दाचा घोळ. ओठावरच्या या पुळ्यांना आपल्याकडे जर म्हणतात, कुणी ताप उतू गेला म्हणतो, कुणी पाल चाटून गेली म्हणतो. कमरेवर किंवा बरगडीवर पट्ट्यासारखे फोड आले की ती नागीण. तिच्यावर गेरू लावायचा, आणि तिची दोन टोकं जुळली की माणूस जातो, ही समजूत अजून टिकून आहे. (टोकं सहसा जुळतच नाहीत. नागीण शरीराच्या एका बाजूला, एखाद्या नसेच्या पट्ट्यात राहते.) नागिणीचा विषाणू कांजण्यांचा. ओठावरच्या जराचा विषाणू वेगळा, हर्पीस सिम्प्लेक्सचा पहिला प्रकार. दोघे एकाच कुळातले, म्हणून चिठ्ठीवर दोघांनाही हर्पीसच. लैंगिक आजारालाही तोच शब्द असल्याने चिठ्ठी घडी करून खिशात लपवणारेही पाहिले आहेत. गंमत अशी की ग्रीक भाषेत 'हर्पेइन' म्हणजे सरपटणं, आणि आपला 'सर्प' त्याच मुळातून आलेला. तिकडच्या जुन्या वैद्यांना आणि इकडच्या आजीला कातडीवर एकच जनावर चालताना दिसलं.

मेंदूज्वर हा शब्द मात्र विदर्भाला कुणी पुस्तकातून शिकवला नाही. १९६५ साली नागपुरात तापाची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला तेव्हा दोन रुग्णांच्या रक्तात नवाच विषाणू सापडला आणि जागेवरून त्याचं नाव पडलं, चांदीपुरा. पुढे कित्येक वर्षं त्याला फारसं कुणी विचारलं नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं मेंदूज्वराने आजारी पडली, १८३ दगावली, आणि तपासात हाच विषाणू निघाला. २००७ मध्ये नागपूर विभागातल्या गावांतही त्याची साथ आली. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात जपानी मेंदूज्वर, गडचिरोलीत डोक्यात चढणारा मलेरिया, २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप. सकाळी अंगणात खेळणारं लेकरू संध्याकाळी झटके देतं, हे ज्या गावानं पाहिलं आहे त्याला 'मेंदूला सूज' हे दोन शब्द पुरेसे असतात.

हर्पीसचा मेंदूज्वर या रांगेत बसत नाही. तो साथीने येत नाही, पावसाळा पाहत नाही, डास-माशी लागत नाही. त्यामुळे गावाला त्याची ओळख नाही. मोबाईलवर तो अचानक भेटतो आणि माणूस त्याला चांदीपुऱ्याच्याच मापाने मोजतो.

शास्त्रज्ञांनाही त्याची ओळख सावकाशच झाली. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी सशांवर प्रयोग करून दाखवलं, की हा विषाणू नसांच्या वाटेने मेंदूकडे जाऊ शकतो. १९४१ मध्ये मेंदूज्वराने गेलेल्या एका तान्ह्या बाळाच्या मेंदूतून तो प्रत्यक्ष वेगळा काढता आला. १९७२ मध्ये माणसाच्या चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसेच्या गाठीत, कानाच्या पुढच्या बाजूला कवटीच्या आत, तो सापडला. लहानपणी कुणाच्या तरी मुक्यातून आलेला विषाणू तिथे जन्मभर झोपून राहतो. ताप, थकवा किंवा वैशाखाचं ऊन यांनी जागा झाला की त्याच नसेने उतरून पुन्हा ओठावर येतो.

उपचार नव्हते तोपर्यंत तो मेंदूत शिरलेल्या दहांपैकी सात जण मरत. १९७७ मध्ये पहिलं औषध उपयोगी ठरलं, त्याचं नाव विडाराबीन. (विदर्भाशी संबंध नाही, पण वाचताना दर वेळी डोळा अडखळतो.) मग ॲसायक्लोव्हिर आलं. ते विषाणूने पकडलेल्या पेशीतच खऱ्या अर्थाने जागं होतं, निरोगी पेशीला फारसा धक्का लावत नाही. स्वीडनमध्ये दोन्ही औषधांची तुलना १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. विडाराबीन दिलेल्यांतले निम्मे दगावले होते, ॲसायक्लोव्हिर दिलेल्यांतले १९ टक्के. ज्यांच्या प्रयोगशाळेच्या कामातून हे औषध उभं राहिलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. पुढच्या दशकात पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून पीसीआर, म्हणजे विषाणूचा अंश शोधणारी तपासणी, करता येऊ लागलं. त्याआधी खात्रीसाठी मेंदूचा तुकडा काढावा लागे. पाणी काढलं की माणूस लुळा होतो, असं आपल्याकडे अजून म्हणतात आणि नातेवाईक सही करायला तास तास लावतात. सुई टोचतात ती जागा मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली असते, हे त्यांना कुणीतरी पाठीवर बोट ठेवून दाखवायला हवं.

मावशींच्या भीतीला खरं उत्तर हिशेबात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीखालच्या दर तिघांपैकी जवळपास दोघांच्या अंगात हा विषाणू आहे. त्याचा मेंदूज्वर वर्षाला दहा लाखांत दोन ते चार जणांना होतो. २०११ च्या जनगणनेत विदर्भाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ३० लाख. हाच दर धरला तर अकरा जिल्ह्यांत मिळून वर्षाला पन्नास ते नव्वद माणसं. आणि ज्यांना तो होतो त्यांच्यात ओठावर जर येण्याची खोड इतरांपेक्षा जास्त आढळलेली नाही. म्हणजे आरशात ओठ पाहून मेंदूचं काही कळत नाही. २००६ पासून असंही दिसू लागलं, की काही मुलांत विषाणूला मेंदूत रोखणाऱ्या जनुकातच दोष असतो. बहुतेकांच्या बाबतीत मात्र 'यालाच का' याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

आपल्या भागात माणसं जातात ती वेगळ्याच जागी. हा विषाणू मेंदूत आवडीने धरतो तो कानशिलामागचा भाग, म्हणजे आठवण, बोलणं, वागणं. त्यामुळे ताप आणि डोकेदुखीसोबत माणूस बरळतो, घरच्यांना ओळखत नाही, नसलेला वास येतो म्हणतो, भलतंच चिडतो. झटकेही येतात. गावात याला 'बाहेरचं' म्हणतात. लिंबू उतरवण्यात, भगताकडे नेण्यात दोन दिवस जातात आणि औषधाची खरी किंमत त्याच दोन दिवसांत असते. ते शिरेतून, दर आठ तासांनी, दोन ते तीन आठवडे द्यावं लागतं. पीसीआरचा निकाल यायची वाट न पाहता सुरू करतात. ओठावर लावायच्या मलमाच्या ट्यूबचा याच्याशी काही संबंध नाही.

मावशींना मी एवढंच सांगितलं, की पोराचा ताप गेला, तो नीट बोलतो, जेवतो, त्याच्या ओठाची काळजी सोडा. ताप असताना बरळला असता तर मात्र त्याच रात्री १०८ ला फोन करायचा होता. मग बाजेकडे बोट केलं. तान्ह्या बाळाला हा विषाणू खरोखर जड जातो, कारण त्याच्या अंगात लढायची ताकद अजून आलेली नसते. जर उठलेल्या माणसानं बाळाचा मुका घ्यायचा नाही, हात धुतल्याशिवाय घ्यायचंही नाही. बाळ अंगावर पिईना, मलूल पडलं, गरम किंवा फार गार लागलं, अंगावर पाण्याचे फोड दिसले, तर घरी थांबायचं नाही.

मावशी माझ्याकडे पाहतच राहिल्या. "मी तं मेंदूचंच घेऊन बसली होती," त्या म्हणाल्या, "अन् लेकरू रोज ह्याच्याच मांडीवर राह्यते."

त्या दुपारपासून लेकरू आजीच्या मांडीवर आलं. खपली पडेपर्यंत पोराची खाट ओसरीवर.