झिओलाइटची जात ठरवायची कशावरून? १९९७च्या नियमामागची पार्श्वभूमी

फुंकनळीच्या ज्योतीत धरलेले खनिज उकळल्यासारखे फसफसते, एवढ्या एका गुणावर १७५६ मध्ये एका स्वीडिश खनिजतज्ज्ञाने झिओलाइट हा गट वेगळा काढला. खनिजावर ओरखडा किती सहज पडतो ते सांगणारी कठिनतेची दहा पायऱ्यांची पट्टी १८१२ची. महाराष्ट्रातले नमुने नावाजले ते बोरघाटात लोहमार्गासाठी कातळ फोडला गेला तेव्हा. ते काम १८६३ मध्ये संपले. पुढे विहिरी आणि पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या दगडखाणींतून, बेसाल्टच्या पोकळ्यांमधून, हे स्फटिक निघतच राहिले.

ओळख पटायची ती नजरेने आणि हाताने. स्टिल्बाइटची कमरेत बांधलेल्या पेंढीसारखी जुडी, ह्यूलंडाइटचा मधोमध रुंद स्फटिक, स्कोलेसाइटच्या सुया. पहिल्या दोघांची कठिनता ३.५ ते ४, पाटनावर, म्हणजे स्फटिक सहज फुटतो त्या सपाट पृष्ठावर, मोत्यासारखी चमक. कस, म्हणजे घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग, मात्र सगळ्यांचाच पांढरा, त्यामुळे इथे तो निरुपयोगी. त्याच पोकळीत सापडणारे ॲपोफिलाइट ४.५ ते ५ कठिनतेचे, आणि रचनेने थरांचे. झिओलाइटची रचना त्रिमितीय चौकटीची, म्हणून ते झिओलाइट नव्हेच.

१९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय खनिजविज्ञान संघटनेच्या झिओलाइट उपसमितीने नवा नियम आणला. सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या चौकटीतल्या पोकळ्यांमध्ये जो धातू सर्वाधिक, त्यावरून जात ठरवायची. स्टिल्बाइट ही एक जात उरली नाही. स्टिल्बाइट-कॅल्शियम आणि स्टिल्बाइट-सोडियम अशा दोन झाल्या. चॅबाझाइटच्याही अशाच जाती पडल्या. कॅल्शियम जास्त की सोडियम, हे चमक, पाटन किंवा ओरखडा सांगू शकत नाही. रासायनिक विश्लेषणच लागते. शिवाय हे धातू मूळचे अदलाबदलीचे: पाण्यातल्या क्षारांशी त्यांची देवाणघेवाण होते, चौकट तशीच राहते. मग नाव त्यांच्यावर टेकवणे रसायनशास्त्राला सोयीचे असले, तरी खाणीवर नमुना उचलणाऱ्यावर ते अन्यायकारकच आहे. नियम एकसारखाही राहिला नाही. केवळ सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या प्रमाणावरून जाती वेगळ्या करायच्या नाहीत असे ठरले, पण ह्यूलंडाइट आणि क्लिनोप्टिलोलाइट यांना अपवाद केले: प्रमाण ४पेक्षा कमी असेल तर पहिले, ४ किंवा जास्त असेल तर दुसरे. ही सीमा तर डोळ्याला मुळीच दिसत नाही.

एक वाट त्याच नियमाने मोकळी ठेवली आहे. धातू तपासलेला नसेल तर नुसते ‘स्टिल्बाइट’ हे मालिकेचे, म्हणजे त्या दोन्ही जातींचे सामाईक, नाव वापरता येते. संग्राहकांच्या जुन्या चिठ्ठ्या त्यामुळे चुकीच्या ठरत नाहीत, आणि हाताने जेवढे कळले तेवढेच चिठ्ठीवर लिहिण्याची मुभाही राहते.