संधिवाती हृदयविकार

घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या संधिवाती तापाने हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होणे. गावात ‘व्हॉल्व्ह खराब आहे’ एवढेच सांगतात. हृदयाच्या चार झडपांपैकी डावे अलिंद (वरचा कप्पा) आणि डावे निलय (खालचा कप्पा) यांच्यामधली द्विदल झडप यात सर्वाधिक सापडते, त्याखालोखाल महाधमनीची.

‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकोकस जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे सांध्यांवर आणि झडपांवर उलटतात. घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे झाले की ताप येतो. बहुतेक रुग्ण ५ ते १५ वर्षांचे. गुडघा, घोटा, कोपर, मनगट आळीपाळीने सुजतात, एक उतरतो तोच दुसरा धरतो. पूर्व विदर्भात निदान इथेच चुकते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया भागात सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) पुष्कळ, आणि त्यातही मुलांचे हातपाय दुखतात. घरात सिकलसेलचे कार्ड असले की प्रत्येक दुखणे त्याच्याच खात्यावर जाते. सिकलसेलचे दुखणे बहुधा हाडात असते, डोळ्यांत पिवळेपणा दिसू शकतो. मात्र एकाच मुलाला दोन्ही आजार असू शकतात. सिकलसेलमधल्या रक्तक्षयानेही छातीत मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू येते, म्हणून नुसत्या स्टेथोस्कोपवर थांबू नये, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करावाच.

खराब झडप औषधाने पूर्ववत होत नाही. पुढचा ताप टाळता येतो, त्यासाठी बेंझाथिन पेनिसिलिन: मोठ्यांना १२ लाख युनिट, साधारण २७ किलोखालील मुलांना ६ लाख, दर २१ दिवसांनी, खोल स्नायूत. भुकटी पाण्यात कालवल्यावर ते दाट होते. लगेच टोचले नाही तर तळाशी बसून सुई चोंदते आणि अर्धाच डोस जातो. टोचण्याआधी ॲलर्जीची विचारपूस, हाताशी ॲड्रेनलिन (ॲलर्जीच्या झटक्यावरचे इंजेक्शन) आणि नंतर अर्धा तास रुग्ण डोळ्यांसमोर हवा. झडप फारच आकसलेली असेल तर डॉक्टर सुईऐवजी रोजच्या गोळ्या देतात. हे औषध, तापात हृदयाला इजा झालीच नसेल तर किमान ५ वर्षे किंवा वयाच्या २१ पर्यंत, झडप खराब असेल तर १० वर्षे किंवा चाळिशीपर्यंत, यांतले जे जास्त ते. प्रत्यक्षात खंड पडतो तो मिरची तोडायला तेलंगणात गेल्यावर किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात. गावाबाहेर जाताना डोसची तारीख लिहिलेला कागद सोबत दिला तर तिथल्या दवाखान्यातही सुई मिळू शकते.

द्विदल झडपेचे तोंड एरवी ४ ते ६ चौ. सेंमी असते, ते १.५ पर्यंत आले की आजार गंभीर. रक्त फुप्फुसांत तुंबते, धाप लागते, आडवे झोपवत नाही. गावात याला दमा समजून पंप दिला जातो. बाईला हे बऱ्याचदा गरोदरपणातच कळते, कारण तेव्हा रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. अलिंद फुगल्यावर ठोके अनियमित होतात, आत गाठ धरते, ती मेंदूत गेली की लकवा.

जांघेतील शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद करता येते. अलिंदात गाठ किंवा झडपेतून जास्त गळती असेल तर ते जमत नाही, मग शस्त्रक्रिया. धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवण्याची गोळी आयुष्यभर, आणि आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचे माप). द्विदल झडपेच्या जागी तो साधारण २.५ ते ३.५ ठेवतात. पालेभाज्यांनी गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो, तरी मेथी-पालक बंद करू नये, रोजचे प्रमाण सारखे ठेवावे. अंग दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खाल्ले तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. अशा रुग्णाने पॅरासिटामॉल घ्यावे, तेही डॉक्टरांना विचारून.