झालरीचा टॉवेल: लटकवायचा की पुसायचा?

लग्नात मिळालेल्या टॉवेल-टोपीतल्या टॉवेलचं पुढं काय होतं, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. तो कपाटात जातो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नात पुन्हा बाहेर निघतो. पाण्याची आणि त्याची गाठ पडत नाही. झालर लावलेल्या, भरतकाम केलेल्या टॉवेलचीही बरेचदा तीच गत होते. तो बेसिनजवळ टांगलेला असतो, पाहुणे हात धुतात, त्याच्याकडं बघतात आणि खिशातला रुमाल काढतात. ‘पुसायला जीवच होईना बघा,’ असं एक मावशी आम्हाला कौतुकानं सांगून गेल्या. आम्हाला मात्र ते ऐकून वाईट वाटलं, कारण आम्ही टॉवेल पुसण्यासाठीच शिवतो.

म्हणून आमच्याकडं सजावट खालच्या सहा-सात इंचांतच असते. वरचा सगळा भाग मोकळा, कारण हात तिथंच पुसले जातात. ऑर्डर देण्याआधी हे पत्रक एकदा वाचा. टॉवेल घेऊन झाला असेल तर निदान धुण्याचा भाग तरी वाचाच.

टॉवेल कुठला

आमचे टॉवेल सोलापूरचे. तिथल्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि लातूरहून जाऊन स्वतः हातानं चाचपून माल आणता येतो. टॉवेलचा जाडपणा जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ३०० च्या आसपासचा पातळ असतो. ६०० चा गुबगुबीत, हातात घेतला की मन भरतं, पण त्यावर चुण्यांचे थर आले की मशीनच्या पायाखाली जात नाही, टाके सुटतात. शिवाय पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. आम्ही ४०० ते ४५० चाच घेतो. तुमचा स्वतःचा टॉवेल आणलात तरी चालेल, फक्त त्याच्या खालच्या बाजूला लूप (टॉवेलवर उभे असतात ते दोऱ्याचे बारीक फास) नसलेला सपाट पट्टा असला तर काम जास्त सुबक होतं.

कापायच्या आधी टॉवेल आणि झालरीचं कापड दोन्ही भिजवून वाळवतो. दोन्ही सुतीच असली तरी सारखी आटत नाहीत. न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यात शिवण ओढली जाते आणि टॉवेलचं तोंड वाकडं होतं. या कामाचा एक दिवस जास्त जातो, तेवढा धरा. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आमच्या लातूरनं प्यायलंय, त्यामुळं भिजवलेलं पाणी ओतून द्यायला आमचा हात होत नाही. त्यात साबण नसतो, ते दारातल्या कडुलिंबाला जातं.

झालरीचं गणित

झालर दिसते तेवढी सोपी नाही. हात पुसायचा आमचा टॉवेल १६ इंच रुंद आणि २४ इंच लांब असतो. झालरीला त्या रुंदीच्या दुप्पट पट्टी घेतली तर चुण्या साध्या पडतात, अडीचपट घेतली तर भरगच्च. सोळाच्या अडीचपट म्हणजे ४० इंच. झालरीच्या पॉपलीनचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंचांचा असतो, दोन्हीकडची किनार सोडली की एका पन्ह्यात एक पट्टी नेमकी बसते, मध्ये जोड येत नाही. तिप्पट झालर मागणारेही येतात. आम्ही करून देत नाही असं नाही, पण जोड येतो, ओझं वाढतं आणि टॉवेल दांडीवरून घसरायला लागतो.

तयार झालर अडीच इंचाची हवी तर पट्टी साडेतीन इंचांची कापायची: अर्धा इंच शिवणीला, अर्धा दुमडीला. वरच्या काठापासून पाव इंचावर एक आणि पाऊण इंचावर दुसरी अशा दोन कच्च्या टिपा मारतो, टाका मशीनवर असेल तेवढा लांब. मग पट्टीचे आणि टॉवेलच्या काठाचे खडूनं चार-चार भाग करायचे, खुणेला खूण जुळवायची आणि बॉबिनचे दोरे हळूहळू ओढायचे. खुणा न करता ओढलं तर एका कोपऱ्यात चुण्यांची जत्रा भरते आणि दुसऱ्या कोपऱ्यात झालर टकली दिसते. पक्की टीप दोन्ही कच्च्या टिपांच्या मधून जाते, नंतर खालचा कच्चा दोरा ओढून काढतो. मागची बाजू इंटरलॉक करतो आणि वरून दाबटीप देतो. बाजारातला झालरीचा टॉवेल घेताना तो उलटा करून बघा. मागं सुटे धागे लोंबत असतील तर ती झालर चार धुण्यांची सोबती आहे.

केकसारखी तीन थरांची झालर फोटोत छान दिसते. घरात तिच्या घड्यांमध्ये ओल राहते आणि श्रावणात वास यायला लागतो. आमचं मत विचाराल तर एक थर, फार तर दोन.

भरतकाम

टर्किश टॉवेलवर भरतकाम करताना खरा शत्रू लूप. टाका कितीही नीट घातला तरी दोन धुण्यांत लूप त्यातून डोकी वर काढतात आणि फुलाला दाढी आल्यासारखी दिसते. यावर दोन उपाय आहेत. मशीनवर काम करताना टॉवेलवर पाण्यात विरघळणारा पातळ पारदर्शक कागद ठेवतो, म्हणजे लूप दबलेले राहतात आणि टाका वर बसतो. पहिल्या पाण्यात तो कागद विरघळून जातो. नवीन टॉवेल हाताला थोडा चिकट लागला तर घाबरू नका, तोच राहिलेला कागद असतो. हाताचं काम आम्ही फक्त सपाट पट्ट्यावर किंवा वेगळ्या सुती पट्टीवर करतो: साखळी टाका, देठाचा टाका, गाठीचा टाका. पैठणीचा मोर आणि मुनिया सगळ्यात जास्त मागितल्या जातात. पैठण आपलंच, त्यामुळं त्यात नवल नाही.

तांड्यावरच्या बायका करतात तसं आरशा-कवड्यांचं काम टॉवेलवर मागू नका. ते काम देखणं आहे, आम्ही उशीच्या अभ्र्यावर आनंदानं करू. पण तोंड पुसताना गालाला आरसा लागला की त्या टॉवेलचं नाव घरात कुणी काढत नाही.

नाव भरायचं असेल तर ते कागदावर स्वतःच्या हातानं लिहून द्या. फोनवर सांगितलेल्या नावात ‘शिरीष’चा ‘शिरिष’ होतो आणि भरलेला टाका उसवला तर लूपही उपटून येतात. देवनागरीत एक जास्तीची अडचण आहे, अनुस्वार. बारीक टिंब लुपांत बुडतं आणि ‘आनंद’चा ‘आनद’ होतो. म्हणून आम्ही अक्षर इंचापेक्षा लहान घेत नाही आणि टिंब मुद्दाम टपोरं काढतो. ते तुम्हाला जरा मोठं वाटेल, वाटू द्या. टॉवेल दांडीवर टांगणार की गोल कडीत, हेही सांगा. कडीत टॉवेल गोळा होतो, लांबलचक नावाचा मधलाच तुकडा दिसतो. तिथं एखादं अक्षर किंवा एकच फूल बरं.

आजीच्या लुगड्याचा काठ

जुन्या इरकलीचा काठ किंवा खण झालरीला लावून द्या, ही मागणी आम्हाला मनापासून आवडते. पण एक चूक आमच्या हातून झाली आहे, ती सांगतो. एका ताईंनी आजीचं कुसुंबी लुगडं आणलं. इतक्या वर्षांत शंभरदा धुतलेलं, रंग काय जाणार, असं समजून आम्ही त्याचा काठ पांढऱ्याशुभ्र टॉवेलला लावला. लुगडं घरी थंड पाण्यात हलक्या हातानं धुतलं जायचं. टॉवेल गेला मशीनमध्ये, गरम पाण्यात. परत आला तो गुलाबी. ताई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून कुठलंही रंगीत कापड आलं की त्याचा कोपरा गरम पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडावर ठेवतो आणि इस्त्री दाबतो. पांढऱ्यावर डाग उमटला तर ते कापड पांढऱ्या टॉवेलला लावत नाही, तुम्ही कितीही आग्रह केलात तरी. गडद टॉवेल सुचवतो.

धुणं, खळ, इस्त्री

आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं. वडीचा साबण त्यात फेस देत नाही, उलट क्षाराबरोबर त्याची साय बनून लुपांत बसते. टॉवेल फळीसारखा कडक होतो तो यामुळं. धुण्याची पावडर किंवा लिक्विड वापरा, तेही बेतानं. महिन्यातून एकदा शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला, टॉवेल पुन्हा मऊ पडतो. मात्र व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. कपडे मऊ करणारं कंडिशनर टाळा. त्यानं टॉवेल हाताला मऊ लागतो पण पाणी टिपत नाही.

हळदीचा डाग पडला तर लगेच साबण चोळू नका. साबणानं हळद लाल होते आणि बघणाऱ्याला वाटतं डाग वाढला. साध्या पाण्यानं धुवा, मग पावडरीनं, आणि राहिलेला पिवळेपणा उन्हावर सोडा. हळदीचा रंग उन्हात उडतो आणि ऊन आपल्याकडं कमी नाही. रंगीत भरतकाम असेल तर तेवढा भाग कापडानं झाका.

झालर ताठ राहावी म्हणून खळ करायची तर साबुदाण्याची, पातळ. ती ताटात ओता आणि फक्त झालर त्यात बुडवा. वरच्या टॉवेलला खळ लागली की तो पाणी ओढायचा बंद होतो. इस्त्री भरतकामाच्या उलट्या बाजूनं, खाली जाड टॉवेल घालून करा. चुण्यांमध्ये इस्त्रीचं टोक आत घालून बाहेर ओढायचं, वरून दाबलं तर चुण्यांच्या घड्या होतात.

ऑर्डर

एरवी दहा दिवस लागतात. तुळशीच्या लग्नानंतर रुखवताची कामं सुरू होतात, तेव्हा तीन आठवडे धरा. ‘परवा साखरपुडा आहे’ म्हणून येऊ नका, नाही म्हणताना आम्हालाही जड जातं. रुखवतात मांडायच्या जोडीबरोबर एक साधा टॉवेलही त्याच कापडाची बारीक पट्टी लावून करून घ्या. नवी नवरी पहिल्या दिवशी त्यालाच हात पुसते.

निम्मे पैसे आगाऊ. दर दुकानातल्या फलकावर लिहिले आहेत. झालरीची टीप वर्षाच्या आत सुटली तर टॉवेल धुऊन घेऊन या, पुन्हा मारून देऊ, पैसे लागणार नाहीत. झालरीचं उरलेलं कापड पिशवीत घालून देतो, ते टाकू नका आणि टॉवेलबरोबर अधूनमधून धुवत राहा. पुढं कधी पट्टी बदलायची वेळ आली तर तेवढ्याच विटलेल्या रंगाचं कापड बाजारात मिळत नाही.